बन्सी वायरमनची कादंबरी

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलंच बोलायचं असतं. मी तसा प्रयत्न करणार आहे, पण तो कितपत जमेल सांगता येत नाही, कारण बन्सीनानांनी सहा वर्षं माझं डोकं खाल्लं आहे. केजला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. उत्पन्नाचे दाखले, वारसाच्या नोंदी, भावाभावांतले बांधाचे तंटे असलं टाईप करून करून माझी बोटं आता न बघता चालतात. या दुकानात कुणी कादंबरी घेऊन येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आलीच तर ती सहा वर्षं मुक्काम ठोकेल असं तर मुळीच वाटलं नव्हतं.

नाना विजेच्या खात्यात वायरमन होते. रिटायर झाले तरी खाकी शर्ट सुटला नाही आणि शर्टाच्या खिशातला टेस्टरही सुटला नाही. दुकानात आले की आधी माझ्या बोर्डापाशी जायचे, टेस्टर खुपसायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. गिऱ्हाईक बसलेलं असो, तहसीलचा कारकून उभा असो, त्यांना फरक पडत नसे.

"ताई, तुमच्या बोर्डाला अर्थिंग न्हाई."

"नाना, काम सांगा."

"सांगतो की. पण उद्या तुमाला करंट बसला तर मपली कादंबरी कोण टाईप करील?"

माझी काळजी एवढीच. मग पिशवीतून कागद निघायचे. मीटर रीडिंगच्या जुन्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं. अक्षर बरं होतं, पण खोडलेलं जास्त आणि राहिलेलं कमी. समासात बाण, बाणाला फाटे, फाट्याच्या टोकाला "मागच्या पानावर बघा". मागच्या पानावर कुणाचं तरी मीटर रीडिंग. कागदांच्या खाली सीताफळं. त्यांच्या वाडीच्या डोंगरात सीताफळं खूप, आणि नाना ती नेहमी अर्धी कच्ची आणायचे. "कपाटात ठिवा, चार दिवसांत पिकतेत," म्हणायचे. ती माझ्या कागदाच्या कपाटात पिकायची. दर वर्षी मुंग्या व्हायच्या, दर वर्षी मी ओरडायचे, आणि दर वर्षी ती खायचेसुद्धा, हे कबूल केलं पाहिजे.

कादंबरीचं नाव होतं 'हात'. गोष्ट अशी. पुढच्या कुठल्या तरी काळात नानांच्या वाडीत एक नवं यंत्र येतं. यंत्राचा एक भाग दूर कारखान्याकडच्या फडात असतो, ऊस तोडतो, मोळ्या बांधतो. दुसरा भाग म्हणजे एक पेटी, ती वाडीतल्या घरात. माणसानं आपल्या अंगणात बसायचं, पेटीत हात घालायचे आणि आपण इथं कोयता चालवल्यासारखं केलं की तिकडे ऊस पडायचा. म्हणजे मजुरी घरबसल्या. दसरा झाला की बायकापोरं, बैल, भांडी घेऊन ऊसतोडीसाठी चार-पाच महिने घर सोडायचं ते बंद. पहिल्यांदाच हिवाळ्यात वाडी रिकामी होत नाही, आणि मग काय काय होतं, ही कादंबरी.

पहिल्यांदा टाईप करताना मलाही ती आवडली होती. अकराव्यांदा टाईप करताना कुणालाही काहीही आवडत नाही.

खरी कटकट होती ती नानांच्या लिहिण्याच्या पद्धतीत. प्रत्येक प्रकरण झालं की ते वाडीतल्या मारुतीच्या पारावर संध्याकाळी वाचून दाखवायचे आणि ऐकणाऱ्यानं जी हरकत घेतली ती लिहून घ्यायचे. हरकत लहान असो, मोठी असो, दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसून केजला हजर. एका म्हातारीनं विचारलं, मशीननं ऊस तोडला तर वाढं कुणाला? वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. तोडणाऱ्यांच्या बैलांना तोच चारा. नानांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. झालं, सगळं पाचवं प्रकरण बदललं. कुणी म्हणालं, वाऱ्यानं ऊस आडवा झाला तर पेटीतल्या हातानं तो कसा उचलणार? सातवं बदललं. एका बाईनं विचारलं, हात पेटीत असताना पोरगं रडायला लागलं तर? त्यावर नाना आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत, आणि आले ते तीस पानं घेऊन.

"नाना, लेखक आपल्या मनानं लिहितो. गावाला विचारून नाही," मी एकदा वैतागून म्हणाले.

"ताई, मी तीस वर्षं खांब रोवले. जिथं मपल्या मनानं रोवला तिथं कुणाच्या तरी दारात आला."

मी पाचवं प्रकरण उघडलं.

एका दुपारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला एक माणूस दुकानात शिरला आणि खुर्ची ओढून बसला. हा ज्ञानोबा मुकादम. वाडीतल्या तोडणीवाल्यांच्या टोळ्या तोच कारखान्यावर न्यायचा. नाना माझ्या शेजारीच बसून मला समासातला बाण समजावत होते.

"बन्सी, तू मला तिसऱ्या प्रकरणात मारलं म्हनं?"

"साप चावला तुला," नाना शांतपणे म्हणाले.

"कावून चावला बे? मपलं काय वय झालं का? बायको सकाळधरून रडायली घरी. म्हनती तुमचं वाईट चिंतलंय."

"यंत्र आल्यावर मुकादमाचं काम काय ऱ्हातंय, सांग तू. म्हनून काढला गोष्टीतून."

"ते मला न्हाई माहीत. जिता कर."

नानांनी त्याला जिवंत केला. म्हणजे मी केला, तीन प्रकरणं पुन्हा टाईप करून. नव्या मजकुरात मुकादमाला कुणी विचारत नाही, तो रोज पारावर येऊन बसतो आणि घराघरांतून पेट्यांचे आवाज ऐकतो. पुढच्या आठवड्यात मुकादम परत आला. ते प्रकरण त्यानं ऐकलं होतं.

"ह्याच्यापरीस मेलो तेच बरं हुतं," तो म्हणाला. मी त्याला चहा मागवला. साप मात्र परत घालू दिला नाही.

नानांना एवढं सगळं दसऱ्याच्या आत हवं असायचं. दर वर्षी हीच तारांबळ. दसरा झाला की ट्रॅक्टर येतात आणि वाडी रिकामी होते, त्याच्या आधी पारावर सगळ्यांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, असा त्यांचा हट्ट. दर वर्षी एखादी हरकत निघायची आणि दसरा हुकायचा. मी म्हणायचे, गुढीपाडव्याला माणसं परत येतात, तेव्हा वाचा. दिवाळीत वाचा, जे आहेत त्यांच्यासमोर. नाना ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. एकदा मी फारच तोडून बोलले, तेव्हा त्यांनी टेस्टर खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि मला एक गोष्ट सांगितली. कादंबरीतली नव्हे, खरी.

त्यांच्याच वाडीच्या वरच्या वस्तीवर लाईट आली ती त्यांच्या हातानं. खांब रोवायला पावसाळा गेला, तारा ओढायला आणखी काही दिवस गेले, आणि सप्लाय सुरू झाला तेव्हा दसरा होऊन महिना उलटला होता. नाना खांबावर चढले, फ्यूज टाकला, बल्ब लागला.

"खाली बघितलं तर सात म्हाताऱ्या, चार म्हातारे आन कुत्री. ज्यांच्यासाठी तीन वर्सं अर्ज केलते, ती सगळी फडात. मपली आई खाली उभी. म्हनली, बन्सी, आता हे बंद कसं करायचं ते सांग, उगं जळायलंय. मी खांबावर बसून रडलो, ताई. पुन्यांदा गावात नवी वस्तू येताना गाव गावात पायजे."

त्या दिवशी मी गिऱ्हाईकांचे दाखले बाजूला ठेवून त्यांचे कागद आधी घेतले. पण पुढच्याच आठवड्यात ते सहावं प्रकरण घेऊन आले तेव्हा पुन्हा तोडूनच बोलले. स्वभाव आहे.

शेवटच्या वर्षी, काय झालं कोण जाणे, दसऱ्याला तीन आठवडे असताना कादंबरी पूर्ण झाली. नानांनी शेवटचं पान दोनदा वाचलं आणि "बरं हाय" म्हणाले. मी पेढे मागवणार होते. एवढ्यात ते म्हणाले, चौथ्या प्रकरणातल्या यादीच्या झेरॉक्स काढून द्या.

चौथ्या प्रकरणात, पेट्या कुणाकुणाला मिळाल्या त्यांची यादी होती. नानांनी सगळी खरी नावं घातली होती, तीस घरांची. त्या तीस घरांना एकेक प्रत देऊन नाव बरोबर आहे का विचारायचं होतं. आता माझी चूक सांगते. अशा याद्या मी रोज टाईप करते, त्यामुळे ही यादीही मी तशीच केली होती. वर मधोमध 'हात मिळणाऱ्या कुटुंबांची यादी', खाली अनुक्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव, घर क्रमांक, शेरा. तळाला उजव्या कोपऱ्यात 'सही व शिक्का' लिहून जागासुद्धा सोडली होती. बोटं न बघता चालतात म्हणाले ना, ते हेच.

चौथ्या दिवशी दोन जीप भरून वाडी केजला आली. तहसीलच्या पायऱ्यांवर ही गर्दी. ज्यांची नावं यादीत नव्हती ती सगळी माणसं, हातात झेरॉक्स, आणि ओरडा एकच, आमचं नाव कावून न्हाई? कारकुनानं दहा कपाटं उघडली. असली योजना कुठल्याच फायलीत सापडेना. योजना आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं कसं, म्हणून त्यानं "वरून आदेश आल्यावर कळवू" असं सांगून टाकलं. मग तर लोकांची खात्रीच पटली. अर्ज करायला सगळे माझ्या दुकानात. आणि कागदावरची अक्षरं कुठल्या दुकानातली आहेत हे ओळखून मागोमाग कारकूनही माझ्या दुकानात. त्यानं मला चारचौघांत जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. परवाना रद्द करीन इथपर्यंत गेला.

नानांना बोलावून घेतलं. ते आले, पायरीवर उभे राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, ही गोष्ट आहे, पारावर वाचतो तीच. माणसं काही चिडली, काही हसली. "आयला, नाना, लई गंडवलं," म्हणत पांगली. मी मात्र हसले नाही.

"तीसच घरं कशाला घेतली तुम्ही?" मी विचारलं. "मनाचीच गोष्ट, तर सगळ्या वाडीला द्यायच्या होत्या पेट्या! एवढा तमाशा झाला नसता."

"ताई, खरं वाटायला पायजे की. कोनची योजना सगळ्यांना पुरली आजवर? सगळ्यांना दिली आसती तर पोरगं बी म्हनलं आसतं, खोटं हाय."

दुकानात एक बाई अजून बाकावर बसून होती. शेवंता नाव तिचं. वाडीच्या अगदी टोकाला घर, नवरा लिंबाजी, दोघं दर वर्षी ज्ञानोबाच्या टोळीत जातात. तिला सगळं समजलं होतं. तरी ती उठत नव्हती.

"मावशी, अर्ज नाही करायचा. खरं नाही ते," मी म्हणाले.

"ऐकलं की. गोष्ट हाय." ती नानांकडे वळली. "नाना, माही सासू आंधळी हाय, तुमाला ठावं हाय. आमी गेल्यावर शेजारची भाकर देती, दिली तर. खरी यादी सरकार करतं, तिथं आमचं काय चालत न्हाई. ही तर तुमी केली. हिच्यात बी आमी भाईरच?"

तिनं पदर सावरला, चप्पल घातली आणि जीप पकडायला गेली. नानांनी टेबलावरची पूर्ण झालेली कादंबरी उचलून पिशवीत घातली. मला कळलं आता काय होणार.

"नाना, खबरदार," मी म्हणाले. "तिचं एक नाव वाढवते. एकतिसावं. दोन मिनिटांचं काम."

"एकीचं कसं? बाकीच्यांनी काय केलंय?"

"मग सगळ्यांची नावं घालते. एक दिवसाचं काम."

"आन नाव घातल्यावर मानूस गोष्टीत येनार न्हाई व्हय? त्याच्या अंगनात पेटी आली, मंग तो काय करतोय? त्याची म्हातारी काय करती? ते लिवावं लागंल."

दसऱ्याला सोळा दिवस होते. मी त्या माणसाला हात जोडले, रागावले, दुकान बंद करीन म्हणाले. नाना वाडीला गेले आणि घराघरांत फिरून लिहू लागले. एकेक घर लिहून झालं की जीपवाल्याच्या हातून कागद पाठवायचे. दसऱ्याला वाचन ठरलं होतं, ते पुन्हा हुकलं. सीमोल्लंघन करून लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते तेव्हा मी दुकानात बसून यादी टाईप करत होते. गोष्ट अर्धवटच राहिली, पण यादी तेवढी पुरी झाली. वाडीतलं एकही घर वगळलेलं नाही. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होते. नानांचा निरोप होता, निदान यादी तरी पाठवा. पाठवणार कुणाबरोबर? पहिल्या जीपनं मीच निघाले, आणि वाटभर त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या.

पोचले तेव्हा पाराजवळ ट्रॅक्टर उभे होते. ट्रॉल्यांत पत्रे, बांबू, चुली, कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर माणसं. नानांनी माझ्या हातून कागद घेतले, पाराच्या दगडावर चढले आणि एक शब्दही प्रस्तावना न करता वाचायला लागले. "लिंबाजी, शेवंता आन त्यांची आई." सगळ्यात वर त्यांनी तेच नाव घ्यायला लावलं होतं. कुणाला काय करायचं कळेना. मग ट्रॉलीवरून शेवंता ओरडली, "हाय!" लोक हसले. दुसरं नाव, दुसऱ्या ट्रॉलीतून, "हाय!" तिसरं. मग शाळेत हजेरी लागावी तसं सुरू झालं. लहान पोरं आपल्या बापाच्या नावाला ओरडायची. ज्ञानोबा मुकादम घड्याळ बघत, "आरं आटपा, आरं आटपा," म्हणत पुढं-मागं फिरत होता. त्याचं नाव आलं तेव्हा तोही थांबला आणि "हाय" म्हणाला.

पण ट्रॅक्टर थांबत नाहीत. यादी अर्धी झाली नसेल तोच पहिला निघाला, मग दुसरा. धुरळ्यात नाना वाचतच होते. शेवटचा ट्रॅक्टर ओढ्याच्या वळणाला गेला तेव्हा पारावर नाना, खाली मी आणि भिंतीला टेकून काही म्हातारी माणसं, एवढेच उरलो.

मला संताप अनावर झाला. सहा वर्षं! सहा वर्षांत या माणसाला त्या माणसांसमोर आपली गोष्ट एकदाही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता आली नव्हती, आणि मिळाली ती सकाळ त्यानं नावं वाचण्यात घालवली. मी तसं बोलूनही दाखवलं. नाना म्हणाले, "गोष्ट पाडव्याला वाचू. येतेत की सगळी."

पाडव्याला सगळी आली. नाना माघातच गेले होते, झोपेत, कुणाला त्रास न देता. हे एकच काम त्यांनी मला न छळता केलं.

म्हणून मला त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या सकाळचं. ट्रॅक्टरचा आवाजही बंद झाला होता. नाना दगडावरून उतरतील म्हणून मी पिशवी धरून उभी होते. ते उतरले नाहीत. त्यांनी पान उलटलं, चष्मा वर सरकवला आणि पुढचं नाव वाचलं.

"नाना, गेली ती माणसं."

"ठावं हाय," ते म्हणाले, आणि त्याच्या पुढचं नाव वाचलं. नाव घेऊन थोडं थांबायचे, मग पुढचं. भिंतीजवळची म्हातारी माणसं त्यांच्याकडे आणि माझ्याकडे बघत होती. तीन नावं मी तशीच जाऊ दिली, राग धरून. चौथ्या नावाला मी म्हणाले, "हाय."

नानांनी मान वर केली नाही. खिशातली पेन्सिल काढून त्या नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.